डावखुऱ्याची रायफल

ऑगस्टमधल्या एका दुपारी एमरी स्ट्रौस दुकानाचं जाळीचं दार ढकलून आत आला, तेव्हा लेस्टर हॉकला इतकं बरं वाटलं की हातातली तेलकट चिंधी खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. एप्रिलात बायकोला, आर्डिथला, मूठमाती दिल्यापासून एमरी इकडे फिरकला नव्हता. रस्त्यात भेटला तर टोपीला हात लावायचा, तेवढंच. बायको गेलेल्या माणसाला एकटं राहू द्यावं असं त्या डोंगरातले लोक मानत, आणि लेस्टरनेही तेच केलं होतं. ते बरोबर केलं का, याची त्याला खात्री नव्हती. पण त्याला तशी कशाचीच खात्री नसायची.

"या, मोजणीसाहेब," कॉफीच्या भांड्याजवळच्या खुर्चीतून डेल्मर योस्ट म्हणाला. डेल्मर पूर्वी दुधाची गाडी चालवायचा. निवृत्त झाल्यापासून लेस्टरची कॉफी संपवणं हेच त्याचं काम होतं. "आम्हाला वाटलं, ओहायोला पुतण्याकडे गेलास राहायला."

एमरीने आयुष्यभर जमिनी मोजल्या होत्या. कोणाचं कुंपण कुठे संपतं आणि कोणाचं जंगल कुठे सुरू होतं, हे लोक कोर्टाच्या आधी त्याला विचारत. केसाएवढी चूक सहन न करणारा माणूस, आणि रायफलीच्या बाबतीत तर फारच काटेकोर. तो डावखुरा होता. बाजारातल्या रायफलीला बोल्टची, म्हणजे गोळी आत सरकवणाऱ्या दांडीची, मूठ उजव्या अंगाला असते. डावखुऱ्याला प्रत्येक गोळीनंतर हात रायफलीवरून पलीकडे टाकून ती मूठ ओढावी लागते. बहुतेक डावखुरे ते निमूटपणे चालवून घेतात. एमरीने कधी घेतलं नाही. एकदा डाव्या मुठीची रायफल कारखान्यातून यायला उशीर झाला, तर तो शिकारीचा मोसम त्याने जंगलात रिकाम्या हातांनी बसून काढला होता. पण उजव्या मुठीची रायफल खांद्याला लावली नव्हती.

मे महिन्यात मात्र त्याने आपल्या सगळ्या रायफली भाच्या-पुतण्यांना वाटून टाकल्या. त्यात कोणाला वावगं वाटलं नाही. वय झालं की तिथले लोक असं करतात. उलट, शहाणा माणूस, हयातीतच वाटून मोकळा झाला, असं कौतुक झालं.

"एक रायफल हवीय," एमरी म्हणाला.

डेल्मरने कॉफीचा कप उंच धरला, जणू कोणाचं बारसं होतं. लेस्टरही हसला. पुढचा मोसम बघायचा असतो म्हणून माणूस रायफल विकत घेतो, असा तिथला साधा हिशेब. दुःखातून उठलेला माणूस आधी जेवायला लागतो आणि मग बंदुकीच्या दुकानात येतो, हे लेस्टरने कितीदा पाहिलं होतं.

कशासाठी हवी, असं त्याने विचारलं. हा प्रश्न तो प्रत्येकाला विचारायचा. सगळी निवड त्यातूनच निघते.

"हरणाला. रानघुशींना. चांदमारीला. सगळ्यालाच."

"म्हणजे एकच घोडा नांगराला, शर्यतीला आणि रविवारी चर्चला न्यायला," डेल्मर म्हणाला. "एमरी, असला घोडा लंगडा निघतो असं तूच आम्हाला सांगायचास."

एमरी भिंतीवरच्या रायफलींकडे वळला. पण लेस्टरच्या मनात तोवर सगळा पट मांडून झाला होता. हरणासाठी रायफल हलकी हवी, नळी आखूड हवी, कारण ती हातात घेऊन ओढे आणि उतार पार करायचे असतात. आणि गोळीला वजन हवं. गवताच्या शेतात बिळं करणाऱ्या रानघुशी लांबून टिपायच्या, म्हणजे गोळी हलकी आणि वेगवान, नळी जाड, दुर्बीण जोरदार. चांदमारीला तर रायफल जितकी जड तितकी बरी, आणि चाप असा की नुसत्या विचाराने सुटावा. तिन्ही कामं एकीकडून करून घ्यायची म्हणजे प्रत्येक कामातलं थोडं थोडं सोडून द्यायचं. नेमकं काय सोडायचं यावर एमरीबरोबर अख्खी दुपार घालवता येईल, या विचाराने लेस्टरला हुरूप आला. त्याने दोन-तीन काडतुसं काउंटरवर उभी केली आणि बोलायला तोंड उघडलं.

एमरीने तेवढ्यात भिंतीवरची सगळ्यात जवळची रायफल काढली. ती खांद्याला लावली नाही. नळीतून पाहिलं नाही. चाप तपासला नाही. नुसती हातात धरून म्हणाला, "ही चालेल. आणि हिच्या गोळ्या."

लेस्टरने पाहिलं. रायफल उजव्या मुठीची होती.

"ही उजव्या हाताची आहे, एमरी."

"हात कोणताही चालेल."

दुकानात पंखा फिरत होता. डेल्मर कॉफीत साखर ढवळत होता. त्याने हे वाक्य ऐकलंही असेल, पण त्याला त्यात काही ऐकू आलं नाही. लेस्टरला आलं.  या माणसाला ती रायफल एका मोसमासाठीही नको आहे, असं त्याला वाटलं. दुसऱ्या गोळीसाठी मूठ ओढायचीच नसेल, तर ती कोणत्या अंगाला आहे याने काय फरक पडतो?

लगेच त्याला स्वतःच्या विचाराची लाज वाटली. तरी त्याचा हात पुढे गेला आणि त्याने ती रायफल एमरीच्या हातातून अलगद काढून घेतली.

"ही विकली गेलीय," तो म्हणाला. "कुंकलच्या पोराने विसार दिलाय. मी खाली काढून ठेवायला विसरलो."

डेल्मरचा चमचा थांबला. कुंकलच्या पोराने कसलाही विसार दिला नव्हता, आणि दुकानात काय विकलं जातं हे लेस्टरपेक्षा डेल्मरला जास्त माहीत असायचं. त्याने तोंड उघडलं. लेस्टरने त्याच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा मिटलं.

मग दुसरी कुठलीही दे, एमरी म्हणाला. लेस्टरने सांगितलं की तो डाव्या मुठीची मागवून घेईल. एमरी म्हणाला, एवढा खटाटोप नको. लेस्टर म्हणाला, "तुला नको असेल, मला हवा. माझ्या दुकानातून तू उजव्या मुठीची रायफल नेलीस हे कळलं, तर लोक माझ्याकडून शिट्टीसुद्धा विकत घेणार नाहीत."

एमरीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसण्यासारखं काहीतरी येऊन गेलं. पुन्हा येईन म्हणाला आणि गेला.

दार बंद होताच डेल्मरने विचारलं, "म्हाताऱ्याला खोटं का सांगितलंस? चार महिन्यांनी बिचारा माणसांत आला."

लेस्टरने रायफल काउंटरखाली सरकवली. काय बोलणार? त्या डोंगरात एखाद्या माणसाला रायफल नाकारणं म्हणजे त्याला चारचौघांत वेडा ठरवणं. ते कोणी विसरत नाही आणि त्याची क्षमाही नसते. आणि नुसत्या एका वाक्यावरून? दुःखाने माणूस निष्काळजी होतो, एवढंच असेल. पण नसलं तर?

रात्रीच्या जेवणाला त्याने हे बायकोला सांगितलं. वर्नाने बटाट्यांचं भांडं खाली ठेवलं. एमरीने आपला कुत्रा जूनमध्ये शेजाऱ्यांना देऊन टाकला, हे लेस्टरला ठाऊक नव्हतं; तिला ठाऊक होतं. आर्डिथच्या मुरंब्याच्या बरण्याही त्याने चर्चला दिल्या होत्या, भरलेल्याच.

"मग विचार त्याला," वर्ना म्हणाली.

"असं कसं विचारू?"

"तोंडाने. आणखी कशाने विचारतात?"

"आणि मी चुकत असलो तर?"

"तर तो चिडेल. चिडलेला एमरी मी पुष्कळदा पाहिलाय."

लेस्टरने मान डोलावली. पण विचारणं त्याच्याच्याने झालं नाही. एमरी दोन दिवसांनी आला, तेव्हा त्याने माप घ्यायचं निमित्त काढलं. रायफलीचा लाकडी दस्ता मागवायचा तर लांबी कळायला हवी, असं सांगून तो एमरीला दुकानामागच्या चांदमारीवर घेऊन गेला. लांब, गवतापलीकडे मातीचा बांध होता आणि त्यापुढे कागदाच्या चकत्या लावायच्या लाकडी चौकटी. रोजच्या सवयीने खिशात टाकलेली काडतुसं लेस्टरने दुकानातच काढून ठेवली. बरोबर नेलेली रायफलही रिकामी आहे ना, हे त्याने दोनदा तपासलं. आपण काय करतो आहोत हे हातांना कळत होतं, फक्त तोंडाला सांगता येत नव्हतं.

त्याने दस्त्याची टाच एमरीच्या कोपराच्या खोबणीत टेकवली आणि बोट चापापर्यंत पोचतं का ते पाहिलं. एमरी हात पुढे करून उभा राहिला. शिंपी कफनाचं माप घेत असावा, तसा. इतका हलका झाला होता तो. सदऱ्याच्या बाहीत हात सापडत नव्हता. लेस्टर पुन्हा पुन्हा मोजत राहिला. मान किती झुकते, गाल कुठे टेकतो, हिवाळ्यात जाड कोट असेल तर अर्धा इंच कमी करायचा का. अखेर एमरीने हात खाली घेतला.

"लेस्टर, तू मला टाळतोयस."

"माप नीट घेतोय."

"जिल्ह्याच्या गावात मोठं दुकान आहे. तिथे माप घेत नाहीत. पैसे घेतात आणि रायफल देतात." त्याच्या आवाजात राग नव्हता. "मी तिकडे जातो."

तो वळला. लेस्टरच्या हातातली मोजपट्टी गवतात पडली.

"एमरी. ही रायफल तू स्वतःचा जीव घ्यायला घेतोयस का?"

एमरी पाठमोराच थांबला. 

"माणसाला असं कोणी विचारतं?" तो म्हणाला.

"नाही विचारत."

"मग?"

"म्हणूनच मी विचारतोय."

एमरी दुकानाला वळसा घालून गेला. त्याच्या पिकअपचं दार आपटल्याचं लेस्टरला ऐकू आलं. आपण त्याला हाताने ढकलून दुसऱ्या दुकानात पाठवला, असं त्याच्या मनात आलं. मग तो धावला. वयाच्या मानाने धावणंच ते. दुकानात डेल्मर होता. गल्ला सांभाळ, एवढंच लेस्टर म्हणाला आणि किल्ल्या घेऊन बाहेर पडला. मागून डेल्मर म्हणाला, आता मी फुकट नोकरही झालो का?

गावाबाहेर, पुलानंतर रस्ता फुटतो. डावीकडचा एमरीच्या घराकडे चढतो, उजवीकडचा जिल्ह्याच्या गावाला जातो. एमरीचा पिकअप फाट्यावरच होता, रस्त्याच्या कडेला, इंजिन चालू, उजव्या बाजूचा दिवा लुकलुकत असलेला. लेस्टरने आपली गाडी मागे लावली, जाऊन दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि न विचारता आत बसला. एमरीचे दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर होते.

एक लाकडांचा ट्रक गेला. दोघांनी तो जाऊ दिला.

"मी ठरवलं नव्हतं," एमरी म्हणाला. तो समोर बघून बोलत होता. "तसं ठरवलेलं काही नाही. घरून निघालो तेव्हा सारखं म्हणत होतो, हरणाला, रानघुशींना, चांदमारीला. सगळा रस्ता म्हणत होतो. म्हणजे मला ते खरं वाटावं म्हणून."



"मग तू हाताचं काढलंस. आणि मी म्हणालो, कोणताही चालेल. ते माझं मलाच ऐकू आलं, लेस्टर. घरी गेल्यावर दोन दिवस ऐकू येत होतं. तरी आज पुन्हा आलोच."

त्यानंतर जे बोलणं झालं ते तुटक होतं, आणि त्यातलं अर्धं लेस्टरला नीट कळलंही नाही. सकाळी उठून एमरी दोन कप काढायचा. एक परत ठेवून द्यायचा. मग दुसराही ठेवायचा. घरातली प्रत्येक गोष्ट आर्डिथने जिथे ठेवली होती तिथेच होती. म्हणून त्याने ती एकेक करून देऊन टाकायला सुरुवात केली. देऊन टाकायचं संपलं, तेव्हा आता फक्त आपण उरलो, असं त्याला वाटलं. हे सगळं त्याने जमिनीचा नकाशा समजावून द्यावा तशा आवाजात सांगितलं. लेस्टरला काही तरी शहाणपणाचं बोलायचं होतं. आयुष्यभर पुस्तकं वाचलेल्या माणसाला अशा वेळी दोन वाक्यं सुचायला नकोत का?  तो एवढंच म्हणाला, "वर्नाने मक्याची कणसं उकडलीत. घरी चल."

"आज जेवीन. उद्या?"

"उद्याही चल. मागची खोली रिकामीच आहे."

एमरीने दिव्याची कळ खाली ओढली. उजवीकडचं लुकलुकणं बंद झालं.

तो महिनाभराहून जास्त मागच्या खोलीत राहिला. दुसऱ्याच दिवशी वर्ना त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. तिने विचारलं नाही, नुसती गाडीत बसून राहिली, आणि अखेर तोही येऊन बसला. डॉक्टर तरुण होता. त्याने गोळ्या दिल्या, आठवड्याला येऊन जायला सांगितलं आणि लेस्टरला बाजूला घेऊन म्हणाला, घरात बंदुका असतील तर कुलपात ठेवा आणि तुम्ही विचारलंत तसं विचारत राहा. विचारल्याने कोणाच्या डोक्यात जीव द्यायचं शिरत नाही. लेस्टरला हे ऐकून फार बरं वाटलं. रात्री मात्र डॉक्टरला तरी कितपत कळत असेल, अशी शंका आलीच.

सगळं सुधारलं असं काही झालं नाही. काही सकाळी एमरी पलंगावरून उठायचा नाही. काही दिवस तो वर्नाच्या कॉफीला नावं ठेवायचा, आणि ते चांगले दिवस असायचे. कुत्रा परत आणला. शेजाऱ्यांनी त्याला इतकं खाऊ घातलं होतं की तो पायऱ्या चढेना.

रायफलीची निवड तेवढी चालूच राहिली. ती थांबवायची नाही असं दोघांनी बोलून ठरवलं नव्हतं. एका संध्याकाळी एमरीने सहज विचारलं की दोनशे त्रेचाळीस मापाचं बारीक काडतूस हरणाला पुरेल का. लेस्टरने हातातलं पुस्तक मिटलं. पुरेल, तो म्हणाला, गोळी जड घेतली आणि नेम खांद्यामागे धरला तर. हलकी गोळी घातली की तेच काडतूस रानघुशींना. धक्काही कमी. दुसऱ्या दिवशी हे दुकानात निघालं तेव्हा डेल्मर म्हणाला, दोनशे त्रेचाळीसने हरणाला गुदगुल्या होतील.

"तुझ्या गोळीने आजवर तेवढंही झालं नाही," एमरी म्हणाला.

डेल्मर इतका खूश झाला की त्या दिवशी त्याने कॉफीचे पैसे दिले.

नळीवरून बरेच दिवस वाद झाला. चांदमारीला जाड हवी, डोंगर चढायला बारीक. एमरी एकदा इकडे झुकायचा, एकदा तिकडे. शेवटी मधली ठरली, जी दोन्हीला जरा जरा कमी पडते. ऑक्टोबरात रायफल आली, डाव्या मुठीची. एमरीने ती खांद्याला लावली, खाली घेतली, पुन्हा लावली आणि दस्त्यावर गाल टेकतो तो भाग ज्याने घासला त्याला घासणं शिकवायला हवं होतं, असं सांगितलं. लेस्टरने आत जाऊन नाक शिंकरलं.

एमरी त्यानंतर लवकरच आपल्या घरी राहायला परत गेला. जायच्या दिवशी तो काउंटरशी आला. रायफल हातात होती. त्याने बोल्ट उचलला, मागे ओढला, खटका दाबून तो पूर्ण बाहेर काढला आणि लेस्टरसमोर ठेवला. बोल्ट नसलेली रायफल म्हणजे काठी. तिच्यात गोळी बसत नाही, बसली तर उडत नाही.

"रायफल मी नेतो," तो म्हणाला. "दस्त्याचं लाकूड घासायचंय, तेल पाजायचंय. संध्याकाळी काहीतरी करायला लागतं. हा तुझ्याकडे ठेव. मी मागितला तरी लगेच देऊ नकोस."

"कधी देऊ?"

"ते तू ठरव."

लेस्टरला वाटलं, याहून कोणी रागावून बोललं असतं तर बरं झालं असतं. चांदमारीला जायचं असलं की लेस्टर बोल्ट खिशात घालून एमरीबरोबर जाई, आणि परत येताना पुन्हा खिशात घालून आणी. दुकानात कोणाला याची कुणकुण नव्हती. एमरीचे नेम हळूहळू जमू लागले. चकतीवरची भोकं जवळ जवळ आली. पण हरणाच्या मोसमाचा पहिला सोमवार जसजसा जवळ आला, तसतशी लेस्टरची झोप उडाली. त्या सोमवारी डोंगरातली शाळासुद्धा बंद असते. प्रत्येक जण जंगलात जातो, आणि प्रत्येक जण आपापल्या झाडाखाली एकटा बसतो. एमरीही जाणार, हे सगळ्या गावाने गृहीत धरलं होतं.

मोसमाच्या आधीच्या शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कोणाला गोळ्या हव्या होत्या, कोणाची दुर्बीण ढिली झाली होती, कोणाला शिकाऱ्याची नारिंगी टोपी. एमरी त्या गर्दीत गिऱ्हाइकासारखा रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा तो काहीच बोलला नाही. डेल्मरने मागून हाळी दिली, "मोजणीसाहेबांना दोनच गोळ्या दे रे, तिसरी लागत नाही त्यांना."

लेस्टरने एमरीला दुकानाच्या मागच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"विचारू?"

"विचार."

"जीव द्यायचा विचार येतो अजून?"

"परवा आला होता," एमरी म्हणाला. "सगळी रात्र होता. काल नव्हता, आज नाही. सोमवारी येईल का, ते मला सांगता येत नाही. नाही येणार म्हटलं, तर ते खोटं होईल, एवढंच." तो थांबला. "मला जायचंय मात्र. हे खरं आहे. मला तिथे जाऊन बसायचंय."

बाहेर कोणीतरी काउंटरवर टकटक करत होतं. नाही म्हणावं, तर माणूस नुकता जे धरून उभा राहिला आहे तेच काढून घ्यायचं. हो म्हणावं, आणि संध्याकाळी तो डोंगरातून खाली आला नाही तर? लेस्टरने दोन्ही बाजूंनी विचार केला आणि त्याला नेहमीप्रमाणे कुठलीच बाजू पटली नाही.

"मी बरोबर येतो," तो म्हणाला.

"पहिल्या दिवशी? दुकान काढल्यापासून तू पहिल्या दिवशी जंगलात आला नाहीस."

"दुकान बंद ठेवीन."

"आणि कोणाची दुर्बीण ढिली झाली तर?"

"तर तो नेम चुकेल. आपल्याला एक हरीण जास्त."

सोमवारी रात्रीतून बर्फ पडलं होतं. उजाडायच्या आत दोघे उतारावरच्या मोठ्या हेमलॉकच्या झाडाखाली जाऊन बसले. लेस्टरने आतल्या खिशातून बोल्ट काढून दिला. अंगाच्या उबेने तो गरम झाला होता. एमरीने हातमोजा काढून तो घेतला, रायफलीत सरकवला आणि मूठ खाली दाबली.  एमरीने बोटाने दाखवलं: ओढ्याकडची बाजू तू बघ, वरची मी बघतो. लेस्टरने मान हलवली.

दिवस वर आला. लांबून कुठून कुठून बार ऐकू येत राहिले. फांद्यांवरचं बर्फ मधूनच खाली घसरायचं. दुपारी त्यांनी वर्नाने दिलेले हॅमचे सँडविच खाल्ले. दोन माद्या वरून चालत गेल्या. पहिल्या आठवड्यात माद्या मारायच्या नसतात, म्हणून एमरीने त्या नुसत्या दुर्बिणीतून पाहिल्या आणि बराच वेळ पाहिल्या. त्याचा श्वास संथ चालला होता. उजेड पिवळा झाला आणि मग करडा. एमरी उठला, पाय झटकले आणि ओढ्याच्या बाजूला दहा-वीस पावलं गेला. तिथेच थांबला.

"लेस्टर, इकडे ये."

बर्फात खुरांच्या खुणा होत्या. ताज्या, रुंद, मागे पाय ओढल्याच्या रेघा असलेल्या. मोठा नर होता, आणि तो लेस्टरच्या अगदी समोरून, मोकळ्या जागेतून, सावकाश ओढा पार करून गेला होता. मध्येच थांबून त्याने एक झुडूपही ओरबाडलं होतं.

"ही बाजू तुझी होती ना?" एमरी म्हणाला.

"हो."

"तू झोपला होतास?"

"नाही."

"मग काय बघत होतास?"

लेस्टर अजूनही एमरीकडेच बघत होता. एमरीने त्याच्याकडे पाहिलं, मग खुणांकडे, आणि पुन्हा त्याच्याकडे.

"दिवसभर?" त्याने विचारलं.

"दिवसभर."

"अरे गाढवा, एवढा मोठा नर. शिंगं या फांदीला लागलीत, बघ, इथे साल गेलीय. आयुष्यात एकदा येतो असला. तुला इथे आणायचं म्हणजे आंधळ्याला पहाऱ्यावर बसवायचं." बराच वेळ तो असं बोलत राहिला. नराचं वजन किती असेल, उद्या तो कुठल्या वाटेने परत येईल, वारा फिरला तर कुठे बसायला हवं. बोलता बोलता त्याने रायफल रिकामी केली, गोळ्या खिशात टाकल्या, बोल्ट बाहेर काढला आणि लेस्टरच्या हातात दिला. लेस्टरने मागितला नव्हता.

ते खाली उतरू लागले. बर्फावर आता निळी सावली पडली होती. दोघांचेही गुडघे कुरकुरत होते, म्हणून ते झाडं धरून धरून चालले. रस्ता दिसायला लागला तेव्हा एमरी थांबला.

"उद्या तू दुकान उघड," तो म्हणाला. "लोकांची कामं अडतात. आणि तू जंगलात काही कामाचा नाहीस."

"तुला एकट्याला नाही जाऊ देणार."

"एकटा कुठे म्हणतोय मी? डेल्मरबरोबर जाईन. बोल्ट सकाळी त्याच्याकडे दे. संध्याकाळी तो तुला आणून देईल."

लेस्टरने हातातल्या लोखंडाकडे पाहिलं. "त्याला काय सांगू? हा माझ्याकडे का असतो ते?"

खाली रस्त्यावर गाड्यांचे दिवे लागले होते. डेल्मरचा लाल पिकअपही त्यांत होता. कोणीतरी मोठ्याने हसत होतं.

"तू काही सांगू नकोस," एमरी म्हणाला. "मी सांगतो."

आणि तो पुढे झाला. लेस्टरपेक्षा जरा भरभर, उतारावरून पाय रोवत, त्या दिव्यांकडे.